८० डिग्रीला दहा दिवस म्हणजे सोलापुरात किती वर्षं?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. आपल्या सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी. करणारी एक मुलगी विचारतेय की नायट्रोसेल्युलोजच्या प्रोपेलंटची (म्हणजे गोळा पुढं ढकलणाऱ्या बिनधुराच्या दारूची) अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (रिअ‍ॅक्शन व्हायला लागणारी किमान एनर्जी) कुणी ८० देतं, कुणी १२०, तिच्या स्वतःच्या डीएससीत (सॅम्पल तापवून त्यातनं निघणारी उष्णता मोजणारं मशीन) १९० किलोज्यूल प्रति मोल आली, मग यातली खरी कुठली? आणि "८० डिग्रीला १०.६ दिवस नीट राहिलं की २५ डिग्रीला १० वर्षं राहील" हे गणित नाटोच्या स्टॅनॅग ४५८२ या टेस्टिंगच्या मानकात आहे ते कुठनं आलं, आणि आपल्याकडं मे महिन्यात ४४ असतं त्याचं काय करायचं.

मी दारूगोळ्याच्या क्वालिटी टेस्टिंगमध्ये तीस वर्षं काढली, आता रिटायर होऊन जुळे सोलापुरात असतो. त्यामुळं हा प्रश्न वाचून जरा हसूच आलं कारण नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी याच्यातच तोंडावर आपटलो होतो. डीएससीवर अशीच १९० काढली होती, एकदम सरळ रेघ, खूश झालो. मग ८० डिग्रीला १०.६ दिवस राहिलेल्या सॅम्पलवरनं २५ डिग्रीचं आयुष्य काढलं तर उत्तर आलं ४४०० वर्षं. मी ते टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "काय रे, हे पांडवांसाठी बनवलंय का?"

तर पोरी, तुझी १९० चुकीची नाहीये. ती फक्त १७०-२१० डिग्रीच्या पट्ट्यातली आहे आणि तू तिला २५ डिग्रीला नेऊन बसवतेस, घोळ तिथं होतो.

आता आकडे स्वतः करून बघ, कॅल्क्युलेटर घे. आर्‍हेनियसचं साधं समीकरण (तापमान वाढलं की रिअ‍ॅक्शनचा वेग किती पट होतो ते सांगणारं), आर म्हणजे वायू स्थिरांक ८.३१४, तापमान केल्विनमध्ये. २५ डिग्री म्हणजे २९८.१५, ६० म्हणजे ३३३.१५, ८० म्हणजे ३५३.१५. स्टॅनॅगवाल्यांनी काय केलंय तर ६० डिग्रीच्या वर अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (पुढं नुसतं ई म्हणतो) १२० धरलेत आणि ६० च्या खाली ८० धरलेत, दोन तुकडे. २५ वरनं ६० ला जाताना ८० धरलं तर वेग साधारण ३० पट होतो, म्हणजे १० वर्षांचे ३६५० दिवस ६० डिग्रीला १२३ दिवसांत बसतात. मग ६० वरनं ८० ला जाताना १२० धरलं तर आणखी ११.६ पट, १२३ भागिले ११.६ म्हणजे १०.६ दिवस. झालं, हेच तुझं १०.६. आता गंमत बघ, तोच सगळा प्रवास एकट्या १२० नं केला तर ८० डिग्रीचे १०.६ दिवस म्हणजे २५ डिग्रीला ५४ वर्षं होतात. १९० नं केला तर माझी ४४०० वर्षं. एकच सॅम्पल, एकच ओव्हन, एकच निरीक्षण, आणि उत्तर १०, ५४ नाहीतर ४४००. म्हणून मी कुणालाही सांगतो की आयुष्य सांगताना ई किती धरली हे बघायच्या आधी ती कुठल्या तापमानाला मोजली हे बघा.

मग खाली ई कमी का होते? एकच रिअ‍ॅक्शन असती तर कमी झालीच नसती. नायट्रेट एस्टरमध्ये, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या जातीच्या संयुगात, सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे ऑक्सिजन आणि नायट्रो ग्रुपमधला बंध. तो गरमीनं तुटला की नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो, आणि हा बंध तोडायला १६० च्या आसपास किंवा थोडी जास्त एनर्जी लागते. डीएससीत तू मिनिटाला ५-१० डिग्रीनं गरम करतेस तेव्हा मुख्यतः हेच दिसतं. पण २५-४० डिग्रीला एवढी एनर्जी असणारे रेणू फार थोडे, तिथं दुसरंच राजकारण चालतं, ओलाव्यानं हायड्रोलिसिस होतो, आधी सुटलेला नायट्रोजन डायऑक्साइड आणि त्याचं पाण्याबरोबर झालेलं आम्ल उरलेल्या साखळीला खातं, हवेतला ऑक्सिजन भाग घेतो. या वाटांना एनर्जी कमी लागते. वर त्या पण चालूच असतात पण मोठ्या वाटेच्या गर्दीत दिसत नाहीत. हायवेवर ट्रॅफिक असलं की बोळातल्या सायकली कोण मोजतंय, पण रात्री हायवे रिकामा झाला की बोळातनंच माणसं जाताना दिसतात, तसं.

आणि यातली खरी डोकेदुखी म्हणजे ऑटोकॅटॅलिसिस. जे तयार होतं तेच पुढची रिअ‍ॅक्शन वाढवतं. सुरुवातीला काहीच नाही, वर्षानुवर्षं काहीच नाही, आणि मग एकदम. म्हणून स्टॅबिलायझर घालतात, सिंगल बेसमध्ये (नुसत्या नायट्रोसेल्युलोजच्या दारूत) बहुतेक डायफिनाइलअमाइन, ताज्या मालात साधारण टक्काभर. तो रिअ‍ॅक्शन थांबवत नाही हे लक्षात ठेव, पोरं इथं कायम चुकतात. पहिला बंध तुटायचा तो तुटतोच, स्टॅबिलायझर फक्त सुटलेला नायट्रोजन डायऑक्साइड पकडून ठेवतो, स्वतः नायट्रोसो होतो, मग नायट्रो होत जातो. नायट्रोसोडायफिनाइलअमाइन पण काम करतं, त्यामुळं एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) मूळ डायफिनाइलअमाइन शून्य दिसलं म्हणजे माल लगेच गेला असं नाही, पण शेवटचे नायट्रो प्रकार दिसायला लागले की आमच्यात कुणी चहाला थांबत नसे.

हे स्टॅबिलायझर प्रकरण फुकट कळलेलं नाही. फ्रेंचांची पूद्र बी नावाची बिनधुराची दारू १८८४ ची, तेव्हा जगात भारी होती, पण तिच्यात सुरुवातीला नीट स्टॅबिलायझर नव्हता. १२ मार्च १९०७ ला तूलाँ बंदरात इएना ही युद्धनौका ड्राय डॉकमध्ये उभी असताना उडाली, आणि २५ सप्टेंबर १९११ ला त्याच बंदरात लिबेर्ते. कुणी हल्ला केला नव्हता. जहाजाच्या पोटातल्या कोठारात दारू जुनी झाली, एवढंच.

तुझ्या डीएससीवर येतो. तू लिहिलंयस की अ‍ॅल्युमिनियम पॅनला झाकण आहे पण भोक पाडलंय, आणि सॅम्पल ४ मिलिग्रॅम. दोन्हीत घोळ आहे. भोक पाडलं की वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड निघून जातात, म्हणजे ज्याच्यामुळं साठवणीत घात होतो नेमकं तेच तू खिडकी उघडून बाहेर सोडलंस आणि मग म्हणतेस रिअ‍ॅक्शन शिस्तीत चालली. बंद पॅनमध्ये तोच पीक आधी येईल आणि टोकदार येईल. डबल बेस (नायट्रोग्लिसरीन पण घातलेली दारू) असेल तर उघड्या पॅनमध्ये आणखीनच वाईट, नायट्रोग्लिसरीन फुटायच्या आधी उडूनच जातं, टीजीएवर (तापवताना वजन मोजणारं मशीन) लोक छान वजन घटताना बघतात, त्यावरनं ई काढतात, पेपर छापतात, आणि ती असते बाष्पीभवनाची! असले पेपर मी डझनानं बघितलेत.

४ मिलिग्रॅम पण जास्त आहे, १ च्या आत घे. सॅम्पल स्वतःच्या उष्णतेनं सेन्सरपेक्षा पुढं पळतं आणि तू सेन्सरचं तापमान लिहून घेतेस. किसिंजरची पद्धत, १९५७ ची, चार हीटिंग रेट घ्यायचे आणि पीकचं तापमान घेऊन रेघ मारायची, सोपी आहे म्हणून सगळे वापरतात, मी पण वापरायचो, पण ती अख्ख्या रिअ‍ॅक्शनला एकच आकडा देते. फ्रीडमनची १९६४ ची आयसोकन्व्हर्जनल पद्धत घे, प्रत्येक कन्व्हर्जनला, म्हणजे रिअ‍ॅक्शन किती टक्के झाली त्या टप्प्याला, वेगळी ई निघते. ५ टक्क्याला आणि ६० टक्क्याला ई वेगळी आली तर मशीन बिघडलं म्हणून घाबरू नको, तीच तर बातमी आहे. आणि ई एकटी कधी लिहू नको, बरोबर प्री-एक्स्पोनेन्शियल फॅक्टर (त्याच समीकरणातला दुसरा आकडा, पुढचा गुणक) पण लिही. ई चुकून जास्त निघाली की तो पण जास्त निघतो, दोघं एकमेकांची चूक झाकतात, मोजलेल्या पट्ट्यात सगळं छान जुळतं आणि पट्ट्याच्या बाहेर गेलं की भांडं फुटतं.

आरडीएक्सवर प्रोजेक्ट करणाऱ्यांना पण हेच सांगायचो. ते २०४ च्या आसपास वितळतं आणि डीएससीतला मोठा पीक वितळल्यानंतरचा असतो, म्हणजे तू द्रवाची कायनेटिक्स मोजतेस आणि कोठारात पडलंय घन. घनात रेणू जाळीत अडकलेले असतात, वेग खूपच कमी. तिथं एक्स्ट्रापोलेशन (मोजलेल्या पट्ट्याच्या बाहेर रेघ ओढणं) उलट्या बाजूनं फसतं, आयुष्य खऱ्यापेक्षा कमी निघतं.

आता जुन्या टेस्टचं एक सांगतो कारण आजकालची पोरं कागद बघतच नाहीत. मिथाइल व्हायोलेट टेस्ट. काचेची नळी, तळाला २.५ ग्रॅम प्रोपेलंट, वर जांभळ्या कागदाची पट्टी लटकवलेली, नळी १३४.५ डिग्रीच्या ब्लॉकमध्ये. डबल बेसला १२०. मग स्टूलवर बसायचं आणि पट्टीकडं बघत राहायचं. आधी काही नाही. मग खालच्या कडेला जांभळा जरा निळसर, मग हिरवट, आणि मग एका क्षणी पिकलेल्या पेरूच्या आतल्या गरासारखा फिकट गुलाबी. सिंगल बेसला ४० मिनिटांच्या आत तो गुलाबी झाला तर लॉट नापास. माझ्या हातातनं एकदा एक जुना लॉट गेला तेव्हा २२ व्या मिनिटालाच पट्टी गेली आणि नळीत नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर दिसायला लागला, आमच्या लॅब अटेंडंट काकांनी न बोलता मला कॉलर धरून शील्डच्या मागं ओढलं. नळी काही फुटली नाही. पण त्या तपकिरी रंगाचा अर्थ तेव्हा कळला, पुस्तकात तो बाणाच्या पुढं लिहिलेला नुसता एक रेणू असतो.

ही टेस्ट आज काय झालंय ते सांगते, उद्याचं नाही. म्हणून हीट फ्लो कॅलरीमेट्री आली. ८० डिग्रीला १०.६ दिवस ठेवायचं आणि दर ग्रॅमला किती मायक्रोवॅट उष्णता निघते ते सतत बघायचं, ११४ च्या वर गेलं की नापास. या टेस्टमध्ये रंग, वास, वजन काही बघत नाहीत, फक्त उष्णता, कारण शेवटी मारते ती उष्णताच. आणि पास झालं म्हणजे दहाव्या वर्षानंतर दुसऱ्या दिवशी पेटेल असं पण नाही, निदान तेवढी वर्षं २५ डिग्रीला सुरक्षित, एवढाच दावा आहे.

तर सोलापूर. इथं २५ डिग्री असतं कधी, जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी संध्याकाळी! बरं, ८० ची ई धरून चाल, कारण आपण ६० च्या खाली आहोत. ३५ ला वेग २५ च्या २.८५ पट. ४५ ला ७.६ पट. आता कुणीतरी हुशार म्हणणार की दिवसा ४५, रात्री २५, सरासरी ३५, म्हणजे २.८५ पट धरा. चूक. अर्धा वेळ ७.६ आणि अर्धा वेळ १, सरासरी वेग ४.३ येतो. म्हणजे मालाला ३५ नाही, ३९ डिग्री वाटतं. तापमानाची सरासरी काढायची नसते, वेगाची काढायची असते, आणि आर्‍हेनियसची रेघ वर वळलेली असल्यामुळं दुपारचे चार तास रात्रीच्या आठ तासांना खाऊन टाकतात. औषधवाले यालाच मीन कायनेटिक टेंपरेचर म्हणतात, त्यांच्याकडनं शिकण्यासारखं आहे. ४.३ पट म्हणजे १० वर्षांचा दावा सव्वादोन-अडीच वर्षांवर येतो. अर्थात वर्षभर मे महिना नसतो, आणि खरं मॅगझिन मातीनं झाकलेलं, जाड भिंतीचं असतं, त्यात दिवसरात्रीचा फरक फार आत पोचतच नाही. पण पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको, एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून बघ एकदा.

इथपर्यंत नुसता वेग झाला. पण माल पेटतो तो वेगानं नाही, वेग आणि उष्णता बाहेर जाणं यातल्या भांडणात. आपल्याकडं कडब्याची गंज ओली रचली तर चार दिवसांनी हात आत घातल्यावर गरम लागतं, हे शेतकऱ्याच्या पोराला माहिती असतं. साखर कारखान्यात बगॅसचा डोंगर आतनं तापतो ते पण बघितलं असशील. तिथं सुरुवात जंतू करतात, इथं नायट्रोजन डायऑक्साइड, पण गणित तेच. बाहेरच्या थरातनं उष्णता निघून जाते, मधल्याला वाटच नसते. फ्रँक-कामेनेत्स्की या रशियन शास्त्रज्ञानं ते एका आकड्यात बसवलंय, डेल्टा, म्हणजे उष्णता तयार होणं आणि बाहेर जाणं यांचं गुणोत्तर. सपाट थराला ०.८८, लांब सिलिंडरला २, गोळ्याला ३.३२, त्याच्या वर गेलं की स्थिर अवस्था उरतच नाही. आणि त्या डेल्टात त्रिज्येचा वर्ग आहे, सगळी मेख तिथं आहे.

समजा एखाद्या डब्याची कडेलोटाची मर्यादा (ज्याच्या वर माल स्वतःच तापत जाऊन पेटतो ते बाहेरचं तापमान) ८० डिग्री आहे. त्रिज्या दुप्पट कर, वेगाला एक चतुर्थांशच परवानगी उरते, १२० च्या ई नं ती मर्यादा ६८-६९ वर येते. त्रिज्या दहापट कर, वेग शंभरावा भाग लागतो आणि मर्यादा घसरते ४३-४४ वर. म्हणजे आपला मे महिना. खाली ८० ची ई लागू झाली तर आणखी खाली. आणि कडेलोटाच्या आधी मधला भाग बाहेरच्यापेक्षा किती गरम असतो माहितीये? आर टी वर्ग भागिले ई, त्याच्या जवळपास, म्हणजे १२० च्या ई नं ७-९ डिग्री, गोळ्यात मधोमध अकरा ते चौदा. बस. ड्रमला बाहेरनं हात लावून काही कळत नाही. म्हणून एका मिलिग्रॅमचा डीएससी स्थिर आहे म्हणून गोदाम स्थिर आहे असं कुणी म्हणालं की मी खुर्चीतनं उठायचो.

तिआनजिनचं उदाहरण घे. १२ ऑगस्ट २०१५, चीनमधलं बंदर, उन्हाळ्याचे दिवस, कंटेनरमध्ये नायट्रोसेल्युलोज. ते ओलं ठेवायचं असतं, पाण्यानं किंवा अल्कोहोलनं भिजवलेलं. चौकशीत निघालं की ते ओलावा देणारं द्रव्य उडून गेलं, माल जागोजागी कोरडा पडला, गरम हवेत विघटन वाढत गेलं, उष्णता साठली आणि स्वतःहून पेटला. आग शेजारच्या अमोनियम नायट्रेटपर्यंत गेली. १६५ माणसं गेली, ८ सापडलीच नाहीत. यात तुला हवं ते सगळं आहे: कमी तापमानाची कायनेटिक्स, ऑटोकॅटॅलिसिस, आणि ढिगाचा आकार. ओलं ठेवणं म्हणजे काय, तर पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि तापमान चढू देत नाही, घामासारखं. ते संपलं की गेलं.

तू विचारलंयस की मग सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्याला हे लागू होतं का. बहुतेक नाही. ती काळी दारू आणि धातूंच्या पावडरी, त्यात नायट्रेट एस्टर नसतो, स्वतःला खाणारी रिअ‍ॅक्शन नसते, कोरडी ठेवली तर काळी दारू पिढ्यानपिढ्या टिकते. तिथं शत्रू ओलावा, घर्षण, स्टॅटिक आणि नको ते मिश्रण. क्लोरेट आणि गंधक एकत्र वापरायला आपल्याकडं १९९२ पासून बंदी आहे ती त्यामुळंच, दमट हवेत आम्ल तयार होतं आणि मग ते कुणाची वाट बघत नाही. पण तो वेगळा विषय.

प्रोजेक्टसाठी एवढं कर. १९० काढू नको, ठेव, फक्त शेजारी तापमानाचा पट्टा लिही आणि एक वाक्य टाक की साठवणुकीच्या तापमानाला हा आकडा वापरता येत नाही. परीक्षक त्या वाक्यावर प्रश्न विचारणार, विचारू दे, वरचं १०-५४-४४०० चं गणित फळ्यावर करून दाखव. बंद पॅनमध्ये १ मिलिग्रॅमच्या आत पुन्हा रन घे, गाईडना विचारून आणि शील्ड लावूनच. आणि सोलापूरचा भाग नुसता हवामान खात्याच्या कमाल-किमानवर करू नको, तो आकडा सावलीतला असतो. दोन-तीन हजाराचा डेटा लॉगर मिळतो, तो गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एक आणि जुन्या दगडी वाड्यातल्या बळदात (धान्याच्या कोठारात) एक, मार्च ते जून, दर १५ मिनिटाला रीडिंग. माल वगैरे काही नको, नुसतं तापमान. प्रत्येक रीडिंगचा वेग काढ ८० च्या ई नं, मग बेरीज. दगडी भिंत रात्री दहाला पत्र्यापेक्षा गरम निघेल पण दुपारी दोनला कितीतरी थंड, आणि बेरजेत कोण जिंकतं ते बघ. माझा अंदाज आहे वाडा जिंकेल, पण किती पटीनं ते मी पण कधी मोजलेलं नाही, फाइल झाली की मला पाठव.